मागचं फाटक

धाकटीने डाव्या हाताने फोन कानाशी धरला आणि उजव्या हाताने भिंतीवरच्या नकाशातली गाडीची लाल चकती बाजारामागच्या गल्लीच्या दिशेने सरकवली.

"श्वास चालू आहे ना? मग त्यांना कुशीवर वळवा. गाडी निघालीय."

शेजारच्या खुर्चीत तिची थोरली जाऊ हात मांडीवर ठेवून बसली होती. आज तिने फक्त बघायचं होतं. मागे साहेब उभे होते, तेही फक्त बघायलाच आले होते.

रुग्णवाहिकेच्या या कचेरीत परवापरवापर्यंत दोन खोल्या होत्या. एकीत फोन घ्यायचे, दुसरीतून गाड्या धाडायच्या. फोनच्या खोलीवर धाकटी, गाड्यांच्या खोलीवर थोरली. मग वरून हुकूम आला, मधली भिंत पाडली, आणि दोघींनी एकमेकींना आपापलं काम शिकवावं, असं सांगण्यात आलं. महिनाअखेर प्रमुख एकच राहणार होती. दुसरीने नदीपलीकडच्या गोदामात जाऊन औषधांची खोकी लावायची. "घरात चूल एक, इथे टेबल एक, आता खुर्चीही एकच," असं म्हणून चालक हसायचे. दोघीही हसायच्या, आणि घरी जाताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसायच्या.

थोरलीने शिकवलं नाही, असं नाही. कोणता रस्ता कधी तुंबतो, कोणता चालक घाईत डावं-उजवं विसरतो, सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र तिने हातची राखली होती. दुपारी बाजारात मालाचे ट्रक आडवे लागले की मागच्या गल्लीत शिरायला एकच वाट उरते, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातून. मागच्या फाटकाची किल्ली चौकीदाराकडे, आणि चौकीदार थोरलीच्या ओळखीचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या गोदामाच्या नुसत्या विचाराने ती मूठ आणखी घट्ट व्हायची.

आणि आज नेमकी तीच गल्ली, नेमकी दुपार.

चकती चौकाजवळ आली. सरळ गेली तर गाडी ट्रकांमध्ये अडकणार, पुढेही नाही आणि मागेही नाही. थोरलीच्या जिभेच्या टोकावर शब्द आले. पण आत्ता बोलावं तर साहेब विचारणार, हे आधी का नाही शिकवलंत? चौक येऊ दे, तिने मनाला बजावलं. अजून आहे वेळ. हेडफोनची वायर तिने बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"चौकात पोचलो," वायरलेसवर चालक म्हणाला.

थोरलीचं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"सरळ जाऊ नका," धाकटी म्हणाली. "उजवीकडे गिरणीत शिरा, मागच्या फाटकाने गल्लीत निघा."

नुसती खरखर. मग, "परत म्हणा."

हा इथला जुना नियम. कुणी 'परत म्हणा' म्हटलं की बोलणाऱ्याने तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. सारवासारव नाही, पाल्हाळ नाही. सवय इतकी अंगात मुरलेली की चहासुद्धा इथे तसाच मागवला जायचा.

धाकटीने ते वाक्य पुन्हा म्हटलं आणि दुसऱ्या हाताने चौकीदाराचा नंबर फिरवला. मग सगळे वायरलेसकडे बघत राहिले. थोरलीने बोटाची वायर सोडली. आपण गप्प बसलो. माणूस तिकडे पडलेला असताना आपण गप्प बसलो.

"पेशंट गाडीत घेतला. नाडी लागतेय."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "फाटकाचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"ताईंनी," धाकटी म्हणाली.

"उत्तम. मला हेच बघायचं होतं. ज्याला दुसऱ्याला तयार करता येतं, खुर्ची त्याचीच." ते थोरलीकडे बघून हसले. "तुमच्या नावाचा कागद काढतो." आणि ते आपल्या केबिनकडे वळले.

थोरली धाकटीकडे झुकली. "मी कधी सांगितलं तुला?"

"सकाळी भाजी चिरताना रस्ते पुटपुटता की तुम्ही. बाजार, ट्रक, गिरणी, फाटक. परवा जाऊन चौकीदाराला भेटून आले. तुमच्याच तोंडून ऐकलं, खोटं काय त्यात?"

"मग मला विचारलं का नाहीस?"

धाकटी चकती नकाशावरून दवाखान्याकडे सरकवत राहिली. "सांगाल म्हणून वाट बघत होते. आजही चौकापर्यंत थांबले, ताई. त्यापुढे थांबता येईना."

साहेबांचा हात केबिनच्या दारावर होता. थोरलीने आपल्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग ती उठली.

"साहेब."

ते थांबले.

"फाटकाचं मी हिला सांगितलं नव्हतं. मुद्दाम."

धाकटीचा हात नकाशावरच राहिला. खोलीत सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं, साहेबांनाही. त्यांनी थोरलीकडे नीट पाहिलं.

"परत म्हणा," ते म्हणाले.

थोरलीने म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे न करता.