साजियाच्या गोष्टीचा शेवट

केदारखेड्यात दर रविवारी मुलं मला स्वतः लिहिलेल्या विज्ञानकथा देतात. मी त्यांच्या वहीतच अभिप्राय लिहितो. सातवीतल्या साजियाच्या गोष्टीतली मुलगी दुसऱ्या ग्रहावर शिकायला जाते आणि परतच येत नाही. मी लिहिलं, ‘छान. पण तिच्या घरच्यांचं काय?’

पुढच्या रविवारी साजियानं गोष्ट पुन्हा लिहून आणली. आता ती मुलगी परतली होती आणि भाकरी थापत होती.

“आधीची गोष्ट कुठंय गं?”

“फाडली, सर. तुम्ही लाल पेनानं लिहिल्तं ना? मंग चूक दुरुस्त केली.”

“अगं, चूक नव्हती ती. मी नुसतं विचारलं होतं.”

“म्हंजे बराबर होती?”

“बिलकुल बराबर. पुन्हा तशीच लिही.”

तिनं वहीचं कोरं पान उघडलं आणि पुन्हा मिटलं.

“आता न्हाई जमत, सर. आता तिला घरचे आठवून राह्यले.”