पानासआजोबांची कानवाली गाडी

अरे, पानासआजोबा गेले ना, तर त्यांना मातीत ठेवून आल्या आल्या मोत्र्याआजीने काय केलं माहितीये? त्यांच्या गाडीत पेट्रोल भरून घेतलं! ती झापोरोझेत्स हो, एवढीशी, इंजिन मागे, बाजूंना कान फुटल्यासारखे, अख्खा पोल्तावा जिल्हा हसायचा तिला. पण युद्धात पाय गेला म्हणून आजोबांना सरकारने दिलेली, पायाने दाबायचं काही नाहीच, सगळं हाताच्या दांड्यांनी. आजी कायम शेजारी बसलेली. बाजारात, लेकीकडे, नदीवर.

आजीचं म्हणणं एवढंच, "आत्मा चाळीस दिवस इथेच असतो. सगळ्या जागा बघून घेतो. एका पायावर कुठवर लंगडेल बिचारा?" म्हणून आत्म्यासाठी खिडकीत ठेवायचा पाण्याचा पेला नि पाव तिने गाडीत ठेवला, चावी लावून, दार किलकिलं करून.

शेजारचा तोदोस कुंपणावरून ओरडला, "मोत्र्या, पाव उंदीर खातील गं!"

"तोंड आवर, मेल्या. त्याला ऐकू जाईल."

आणि चाळीस दिवस कुठले! त्याच आठवड्यात तालुक्याहून कारकून आला, ट्रक नि दोर घेऊन. माणूस गेला की गाडी परत, नियमच होता तसा.

"आजी, पाय गेलेला दुसरा एक माणूस वाट बघतोय."

"मग द्या ना त्याला! मी कुठे नाही म्हणते? चाळीस दिवस तेवढे होऊ दे, लेकरा. तो अजून वापरतोय."

कारकून पोरगाच होता. त्याने आत वाकून बघितलं आणि टोपीच काढली. "मला आजच न्यायला सांगितलंय, आजी." पाणी न सांडता पेला उचलून त्याने तिच्या हातात दिला, पावही दिला.

दोर ताणला, गाडी फाटकातून गेली. आजी रडली पण नाही. एकदम कपाळावर हात मारला नि आत पळाली. चुलीमागे आजोबांचा लाकडी पाय उभा होता. तो त्यांना टोचायचा, म्हणून शवपेटीत ठेवूच दिला नव्हता तिने. गाडी आहे की, म्हणाली होती.

तो पाय काखेत घेऊन ती तडक आजोबांच्या कबरीपाशी गेली, गुडघ्यावर बसली, हातांनीच ओली माती उकरायला लागली.

"टोचेल रे," म्हणत होती, "मला ठाऊक आहे टोचेल. पण ये, पानास. हळूहळू ये."