पाडव्याचा फोन

नूतनचं पेन कोर्टाच्या अर्जाच्या तिसऱ्या ओळीवर थांबलं. ‘गेल्या सात वर्षांत पतीकडून पत्र, फोन वा निरोप आलेला नाही.’

“सावकाश वाचा,” ओतूरचे वकील म्हणाले. “सुनीलराव मयत असल्याचं कोर्टानं जाहीर केलं, की सर्व्हिस टॅक्सची केस बंद. नाहीतर पिंपळवंडीची जमीन जप्तीत जाईल. काही खबर आलीच नाही ना?”

सुनीलनं सरकारकडून दगडाची खाण ठेक्यानं घेतली होती. काढलेल्या दर ब्रास दगडामागं रॉयल्टी वेळच्या वेळी भरली. मग नोटीस आली, की त्या रॉयल्टीवरचा सर्व्हिस टॅक्सही ठेकेदारानंच भरायचा, व्याजदंडासकट. दगड सरकारचा, पैसा सरकारला, आणि वर करही ठेकेदाराच्याच डोक्यावर! असला उफराटा न्याय पचवायला माणूस घट्ट लागतो. सुनील तसा नव्हता. नोटीस देवापुढं ठेवून तो सकाळच्या एसटीनं गेला, तो गेलाच.

पण दर दिवाळीत पाडव्याला घरी फोन वाजायचा. नंबर दरवेळी नवा. पलीकडं कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. नूतन निरांजन लावून फोनलाच ओवाळायची. तेवढ्या वेळात सासरे, गेणभाऊ, न चुकता गोठ्यात जायचे. त्याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते.

नूतन काही बोलणार, त्याआधीच शेजारून गेणभाऊ म्हणाले,

“न्हाई. कायबी खबर न्हाई.”

पोटच्या पोराला आपल्याच तोंडानं मारायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“कर सही, पोरी.”

तिनं केली.

पुढच्या दिवाळीच्या आत कोर्टाचा निकाल लागला. केस मिटली, जमीन राहिली. नूतनच्या गळ्यात आता डोरलं नव्हतं.

पाडव्याला फोन वाजला. गेणभाऊ उठले, पण गोठ्याकडं न जाता दारातच थांबले. नूतननं फोन उचलून ठेवला, निरांजन लावलं, नेहमीसारखं ओवाळलं आणि फोन कानाला लावला.

“केस मिटली. जमीन वाचली,” ती म्हणाली. “कागदावर तुमाला मयत लावलंय. आता येऊ नका.”

पलीकडून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज आला.

“बरं.”