माझ्या पोटात डोकं घालून बोलणारा शांतवन

मी कूलर बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतो, त्याला इलाज नाही. माझी मोटार जन्मापासून घरघरते आणि तिच्यावरून आवाज काढायचा म्हणजे ओरडावंच लागतं. ऐकू येत नसेल तर जवळ या, गारही वाटेल.

माझा जन्म रिसोडचा. जगदेव मिस्त्रीनं मला उरल्यासुरल्या पत्र्यातून उभं केलं. एक बाजू धान्याच्या कोठीची, दुसरी एका दुकानाच्या जुन्या पाटीची, म्हणून माझ्या कुशीवर अजूनही ‘खते व बियाणे’ असं उलटं वाचता येतं. रंग ट्रॉलीला लावून उरलेला हिरवा. पहिल्यांदा बटन दाबलं तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं बाजूला सरकली, त्यांना वाटलं ट्रॅक्टर आला. जगदेव मात्र खूश होता. म्हणाला, "आवाज हाय मंजे हवा हाय."

पहिला मालक अडत्या. माझ्या आवाजात त्याला सोयाबीनचा भाव ऐकू येईना, आठवड्यात त्यानं मला मांडव-गाद्या भाड्यानं देणाऱ्या बिछायतवाल्याला देऊन टाकलं. तिथं मी लग्नं पाहिली. एका लग्नात मंगलाष्टकं माझ्या घरघरीत पार बुडाली आणि अक्षता कधी टाकायच्या तेच कोणाला कळेना. लोकांनी आपल्या अंदाजानं टाकल्या. नवरदेव शेवटपर्यंत विचारत होता, "झालं का?" त्यानंतर बिछायतवाल्यानं मला कामरगावजवळच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीला फुकट देऊन टाकलं, वर गाडीभाडंही स्वतःच दिलं. यावरून काय ते समजा.

प्रार्थनाघराच्या खिडकीला बाहेरून टेकवून मला लोखंडी घोडीवर चढवलं. तोंड आत, पाठ बाहेर उन्हात. प्रार्थना सुरू झाली की मला बंद करतात. देवाला ऐकू जावं म्हणून नाही, त्याला सगळं ऐकू जातं म्हणे, माणसांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून. त्यामुळे मे महिन्यात आमच्या मंडळीच्या प्रार्थना फार आटोपशीर असतात. हिवाळ्यात मला कोणी विचारत नाही. गेल्या थंडीत एक कोंबडी माझ्या पोटात अंडी उबवून गेली, तिनं जाताना साधं वळूनही पाहिलं नाही.

मे उजाडला की मात्र माझा भाव वाढतो, कारण तेव्हा आमच्याकडे लेकरांचं शिबिर असतं. आसपासच्या गावांतली, तांड्यांवरची मंडळीतली पोरं येतात, प्रार्थनाघरातच सतरंज्यांवर झोपतात, गाणी म्हणतात, गोष्टी ऐकतात, भांडतात. पाळक हेमसिंग सगळं पाहतात आणि धनीबाई स्वयंपाक करते. धनीबाईला सगळ्या तांड्यांची खबर असते आणि ती कोणालाच घाबरत नाही, पाळकांना तर मुळीच नाही.

एका वर्षी सेवा करायला वाशीमहून शांतवन आला. कॉलेजातला पोरगा, भांग पाडलेला, बाहीची बटनं लावलेली. एसटीतून उतरला तोच पाळकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, मी शेवटच्या दिवसाचा संदेश तयार करून आणलाय. आईबापांसमोर द्यायचा." शेवटच्या संध्याकाळी लेकरांचे आईबाप येतात, जेवण असतं, आणि त्याआधी एकानं उभं राहून चार शब्द बोलायचे असतात. त्यालाच संदेश म्हणतात. शांतवनचे चार शब्द पाऊण तासाचे होते.

पाळक म्हणाले, "पाहू. तू आला कायले?"

"सेवा करायले."

"मंग हे बादली घे. हापशी तिकडं हाय अना कूलर इकडं."

शांतवनचं तोंड असं उतरलं की मला हसू आलं, पण माझं हसू कोणाला कळत नाही, लोकांना वाटतं बेअरिंग गेलं.

माझं पिणं मोठं आहे, हे मी कबूल करतो. एका कोपऱ्यातून गळतोही. बादली ओतून माणूस हापशीपर्यंत जातो न जातो तोच माझी टाकी पुन्हा मागायला लागते. बिचारा त्या उन्हात ये-जा करायचा आणि प्रत्येक खेपेला काहीतरी पुटपुटायचा. "एवढा मोठा संदेश माह्याजवळ, अना मी लोखंडाले पाणी पाजून राह्यलो." मी ऐकून घेतलं. लोखंड म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरं झोपली होती, म्हणजे झोपायला सांगितलं होतं. ऊन असं की हापशीचा दांडा हाती धरवेना. शांतवननं माझ्या बाजूची ताटी काढली, म्हणजे ती गवत भरलेली जाळी, आणि सरळ डोकं माझ्या पोटात घातलं. आत सावली, ओलावा, गार वारा. त्याला एवढं बरं वाटलं की तो तिथंच संदेशाचा सराव करायला लागला. "माझ्या लेकरांनो! घाबरू नका, मी तुमच्या सोबत आहे!"

आता एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. माझ्या पोटात शिरलेलं सगळं पंख्यातून पुढं जातं. त्याचा आवाज पात्यांनी चिरला जात, थरथरत, माझ्या घरघरीवर स्वार होऊन प्रार्थनाघरात जाऊन पडला. आणि त्याच सकाळी पाळकांनी लेकरांना गोष्ट सांगितली होती, देव जळत्या झुडपातून बोलला ती.

आत सगळी पोरं ताडकन उठून बसली. करण नावाचा एक पोट्टा, शिबिरातला सगळ्यात वांड, हात जोडून हळूच म्हणाला, "कूलरातून बोलून राह्यला बे."

कोणी शंका काढली नाही, त्याला कारणही होतं. आवाज शुद्ध मराठीत होता. आमच्याकडे एवढं शुद्ध एक तर मोठे साहेब बोलतात, नाहीतर देव, आणि साहेब कशाला कूलरमध्ये शिरतील?

करणनं संधी सोडली नाही. माझ्या जाळीला तोंड लावून म्हणाला, "देवा, उद्या उपमा नोको. पोहे पाठव." मागून एक पोरगी आली, "माह्या भावाले गणितात पास कर. नाही केलं तरी चालते." शांतवननं हे सगळं ऐकलं आणि डोकं बाहेर काढायचं सोडून आणखी आत घातलं. "आता झोपा," असं गंभीर आवाजात म्हणाला. सगळी पोरं धपाधप आडवी झाली. पाळक दारात आले तर आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, अर्थात मला सोडून.

दुसऱ्या दिवशी धनीबाईच्या रव्यात किडे निघाले आणि तिनं पोहे केले. झालं. करणचा विश्वास असा पक्का झाला की त्यानं दोन वेळा पोहे मागून खाल्ले.

तेव्हापासून रोज दुपारी माझ्यासमोर रांग लागायची आणि शांतवन मागे माझ्या पोटात. "खोटं बोलू नका." "भाजी टाकू नका." "पायावर पाय देऊ नका." बादली भरताना आता तो पुटपुटत नव्हता, शीळ घालत होता. पाळकांना काय ठाऊक? ते म्हणाले, "शांतवन, तू आला तवापासून पोट्टे लय सुधरले. संदेश तूच दे." पोरगा एवढा हरखला की माझ्यावर दोन बादल्या जास्तीच्या ओतल्या. माझी मोटार भिजली, मी तासभर शिंकत होतो.

मग एका दुपारी रीता आली.

रीता दुसरीतली पोरगी. रांगेत उभी राहिली नव्हती कधी. सगळे झोपल्यावर एकटी उठून आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "देवा, माही माय शेवटच्या दिवशी येईन का?"

शांतवननं विचार केला असेल असं मला वाटत नाही. जीभ सैल झाली होती. "येईल," तो म्हणाला.

रीता हसली. त्या शिबिरात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

संध्याकाळी ती धनीबाईकडे एक जास्तीची पत्रावळ मागायला गेली, मायसाठी. धनीबाईनं दिली, पण नंतर शांतवन बादली घेऊन चुलीजवळून जात होता त्याला थांबवून म्हणाली, "काहो शांतवनदादा, त्या पोरीले कोणं सांगतलं माय येते म्हून? मोतीबाई तं नगरकडं वीटभट्टीवर हाय. पोरगी मावशीजवळ राह्यते. भट्टी बंद झाल्याबिगर ते कशी येईन?"

शांतवन तिथंच उभा राहिला. बादलीतलं पाणी त्याच्या बुटात गेलं तरी त्याला कळलं नाही.

मग तो माझ्या मागं, माझ्या सावलीत येऊन बसला आणि फोन लावायला लागला. धनीबाईनं रीताच्या मावशीकडून भट्टीच्या मुकादमाचा नंबर मिळवून दिला होता. फोन बंद. पुन्हा लावला, बंद. लावतच राहिला. मी एवढा आवाज करतो तरी त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मला त्याचा राग आला होता, खरं सांगतो. आणि कीवही आली. तो रडवेला होऊन म्हणाला, "मी देवाले खोटं पाडलं बावा." समोर मीच होतो, त्यामुळे मलाच म्हणाला असेल.

शेवटची संध्याकाळ आली. आईबाप आले, कोणी जीपनं, कोणी मोटारसायकलवर तिघं-तिघं. रीतानं वेणी घालून घेतली होती. स्वतःच्या शेजारी सतरंजीवर पत्रावळ मांडून तिच्यावर हात ठेवून बसली होती, वाऱ्यानं उडू नये म्हणून. तो वारा माझाच होता. मी कमी करायचा प्रयत्न केला, पण माझं बटन माझ्या हातात नाही.

पाळकांनी संदेशासाठी मला बंद केलं आणि शांतवनला पुढं बोलावलं. तो उभा राहिला. पाऊण तासाचा संदेश त्याला तोंडपाठ होता. त्यानं सगळ्यांकडं पाहिलं, रीताच्या पत्रावळीकडं पाहिलं, आणि म्हणाला, "कूलर चालू करा." आणि दारातून बाहेर निघून गेला.

लोक एकमेकांकडं पाहायला लागले. पाळकांनी बटन दाबलं. माझी ताटी निघाली, डोकं आत आलं, आणि प्रार्थनाघरात थरथरता आवाज घुमला, "माझ्या लेकरांनो!"

सगळ्या पोरांनी हात जोडले. करणनं तर डोळेही मिटले.

"मी शांतवन बोलून राह्यलो," आवाज म्हणाला. "मी देव नाही. इतले दिवस बी मीच बोलत होतो. उपमा-पोह्याचं मले काही माहीत नोतं. माहं चुकलं."

आधी कोणाला कळेना. मग एका बापानं शेजारच्या खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं, तर कूलरातून निघालेली दोन पायांची पँट. तो असा हसला की सगळे हसले. पोरं हसली, आया हसल्या, करण सतरंजीवर लोळला. पाळकांनी कपाळाला हात लावला, पण खांदे त्यांचेही हलत होते.

रीता हसली नाही. शांतवन आत आला, गवताच्या काड्या केसांत, सदरा ओला, आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. म्हणाला, "रीता, तुही माय येईन असं मी उगाच बोललो. मले माफ कर."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "मी तुले इचारलंच नोतं," ती म्हणाली. "मी देवाले इचारलं होतं. तू मंधात काहून बोलला?"

शांतवननं केसांतली एक काडी काढून खिशात घातली.

मग त्यानं विचारलं, "मी इथं बसू का जेवाले?"

"ते मायची जागा हाय," रीता म्हणाली. "तू पाणी भर. कूलर गरम हवा फेकून राह्यला."

खरं होतं ते. माझी टाकी कोरडी पडली होती. शांतवन उठला, बादली घेतली आणि हापशीकडं गेला. तो परत आला तेव्हा रीता माझ्या जाळीपाशी नव्हती. आपल्या जागीच डोळे मिटून बसली होती आणि ओठ हलत होते. मला ऐकू आलं नाही. मला वाटतं, या वेळी ते मी ऐकण्यासाठी नव्हतंच.

संदेश असा राहूनच गेला. शिबिर उठलं, लेकरं गेली. शांतवननं जायला हवं होतं, तर तो पाळकांना म्हणाला, "रविवारपर्यंत थांबतो, कूलर उन्हात हाय." आणि रोज माझ्या मागं बसून मुकादमाला फोन. एकदाचा लागला. "मोतीबाईले सांगा, पोरीले भेटून जाय म्हणा. गाडीभाडं इकडून देतो. नाही, मी कोणी नाही. मंडळीतून बोलून राह्यलो." मुकादम काय म्हणाला मला कळलं नाही. शांतवन तीन वेळा "बरं, बरं" म्हणाला आणि फोन ठेवून माझ्या पत्र्याला डोकं टेकवून बसला. पत्रा तापलेला होता, कपाळावर लाल पट्टा उठला.

रविवारी उपासनेला मोतीबाई आली. भट्टीची धूळ तिच्या पायांवर तशीच होती. रीतानं तिचं बोट धरून तिला प्रार्थनाघराच्या मधोमध आणलं आणि वर पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे पाह्य देवा, आली. उशीर केला तू, पण आली."

शांतवन तेव्हा खिडकीबाहेर माझ्याजवळच उभा होता, हातात भरलेली बादली. त्यानं तोंड उघडलंही होतं. मग मिटलं आणि माझ्यात पाणी ओतलं.

आता मी म्हातारा झालोय. तळ गंजलाय, एक पातं वाकडं आहे, घरघर वाढलीय. फोन लागल्याची गोष्ट शांतवननं अजून कोणाला सांगितली नाही, नंबर देणाऱ्या धनीबाईलाही नाही. मीच सांगितली तुम्हाला. माझा दोष नाही तो, माझ्या पोटात काही टिकत नाही, पाणीसुद्धा खालून गळतं. तुम्ही तरी रीताला सांगू नका. मे महिन्यात कधी इकडं आलात तर एक बादली घाला माझ्यात, आणि गुपचूप घाला. इथं बोलायला मी आहे.