मार्करचं काम

दत्तात्रेय तीस वर्षं मुंबईच्या एका जिमखान्यात बिलियर्ड्सच्या खोलीत मार्कर होता. तेवढीच वर्षं त्याची बायको बायजाबाई वडखळजवळच्या मिठागरावर राबत होती. तो गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. 'क्लबात कामाला हायत' एवढंच ती लोकांना सांगायची. तिलाही त्यापलीकडे काही माहीत नव्हतं.

गुडघे गेले तेव्हा तो गावी परतला. ते सत्त्याण्णव साल होतं. पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी दोघं रोह्याला लेकीकडे गेली. मिठाचा हंगाम संपत आला होता, म्हणून बायजाबाईने एकाच दिवसाची सुट्टी घेतली होती. पेणला गाडीत बसल्यापासून ती पेंगत होती.

संध्याकाळी लेक नूतन टीव्हीवर चॅनेल बदलत असताना हिरवं टेबल दिसलं, तसं दत्तात्रेयाने तिला थांबवलं. विलायतेत स्नूकरच्या मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी चालू होती. अर्धा खेळ आज, उरलेला उद्या. दत्तात्रेय खुर्ची पुढे ओढून बसला.

बायजाबाई चटईवर आडवी झाली होती. टाचांच्या भेगांत मिठाचं पाणी मुरून मुरून त्या पांढऱ्या पडल्या होत्या. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग तिने विचारलं, पांढरे हातमोजे घातलेला तो माणूस टेबलाभोवती नुसता फिरतोय कशाला?

"तो पंच. बॉल पडला की काढून परत जागेवर ठेवायचा. आकडा सांगायचा."

"तुम्ही हेच करायचात?"

"हेच. वर टेबल झाडायचं."

"तीस वर्सं?"

"व्हय."

पडद्यावर काळा चेंडू पडत होता आणि तो माणूस पुन्हा पुन्हा तो उचलून जागेवर ठेवत होता. बायजाबाई थकलेल्या आवाजात, सावकाश बोलू लागली. तिची समजूत होती की तो तिकडे ओझी उचलतो, कारण घरी आला की दोन दिवस झोपूनच असायचा. एका वर्षी बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं. तेव्हा नूतनला कडेवर घेऊन तिने सात दिवस बांधावर चिखल टाकला, पण त्याला पत्र धाडलं नाही.

"मला वाटायचं, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त दमत असाल."

दत्तात्रेयाला पुष्कळ सांगायचं होतं. बारा-बारा तास उभं राहणं, साहेबांची बोलणी, आणि एवढ्या वर्षांत एकदाही हातात काठी धरून कुणाशी डाव खेळायला मिळाला नाही ते. पण त्या बांधाच्या चिखलापुढे यातलं काही तोंडातून निघेना.

"उभं राहून पाय दुखायचे गो," तो म्हणाला.

"दुखणारच," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच त्याला जास्त लागलं.

सकाळी नूतन म्हणाली, बाबा, आज निकाल लागेल, तुम्ही राहा. बायजाबाईनेही राहा म्हटलं. पण तो तिच्याबरोबर पहिल्या गाडीने निघाला, आणि घरी न थांबता तिच्या मागोमाग मिठागरावर गेला.

त्या गुडघ्यांनी मीठ ओढणं जमणार नाही, हे मुकादमाला दिसतच होतं. त्याने त्याला गोणींची तोंडं शिवायला बसवलं. दुपारपर्यंत बोटं चिरली आणि चिरांत मीठ गेलं. बायजाबाईने मडक्यातलं गोडं पाणी त्याच्या हातांवर ओतलं, थोडा वेळ त्याच्याजवळ सावलीत टेकली आणि पुन्हा उन्हात गेली.

संध्याकाळी शेजारच्या घरी टीव्ही चालू होता. दत्तात्रेय तिकडे फिरकला नाही. दोघांनी भात आणि सुकट खाल्ली आणि ओट्यावर अंथरूण टाकलं. उद्या आभाळ आलं तर मिठाची रास झाकायला लवकर जावं लागेल, असं ती म्हणाली. तो हो म्हणेपर्यंत तिला झोप लागली होती.