चेतनाचा दुसरा मेल

तळोद्याच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या अभिनंदनचा एक नियम होता, आणि त्यावरून लोक त्याची टिंगलही करत. जुन्या मशीनवरचे मेल नव्यावर न्यायचे असतील तर गिऱ्हाइकाने शेजारच्या स्टुलावर बसायचं. मालक समोर असल्याशिवाय हा माऊसला हात लावत नसे. चार वर्षांपूर्वी एका मास्तरने 'माझी पत्रं वाचलीस' म्हणून भर बाजारात त्याची कॉलर धरली होती, तेव्हापासून हे. बेचाळीस वर्षांचा हा मारवाडी माणूस भांडणाला भयंकर भ्यायचा. मारामारी त्याने आयुष्यात लांबूनच पाहिली होती, तीही पटकन दुकानात शिरून.

मार्चमधल्या एका दुपारी भूपेश आला. तापीकाठी मोठी शेती आणि ठिबकच्या नळ्यांची एजन्सी असलेला माणूस. गाडीतून जुनं मशीन आणि नव्याचं खोकं काढून त्याने टेबलावर ठेवलं.

"शेठ, जुनामधलं सगळं नवामा टाकी दे. कंपनीसना मेल, गिऱ्हाईकसना नंबर. सीझन तोंडवर शे."

"बसा," अभिनंदन म्हणाला आणि स्टूल पुढे सरकवलं.

हे मशीन त्याच्या ओळखीचं होतं. एजन्सीचं सगळं लिहिणं भूपेशची बायको चेतना सांभाळायची. दिवाळीत ती घर सोडून गेली. त्याआधी महिनाभर तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. थ्रेशरमध्ये सापडला, असं घरचे सांगत. थ्रेशरमध्ये सापडलेला हात तसा मधोमध मोडत नाही, हे हाडाच्या डॉक्टरपासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना कळत होतं. पण घर मोठं, म्हणून सगळ्यांना थ्रेशर पटला. अभिनंदनलाही पटला.

दोन वर्षांपूर्वी ती हेच मशीन घेऊन दुकानात आली होती. एक डोळा सुजून बंद झालेला. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. जाताना मात्र ती हळूच म्हणाली, "दादा, आखो एक मेल काढी द्या. मन्हा एकलीना."

त्याने तिच्या एकटीसाठी दुसरा मेल काढून दिला. वर जास्तीची सोय म्हणून पासवर्डही मशीनमध्येच साठवून ठेवला, म्हणजे बिचारीला दर वेळी टाकायला नको. आपण फार मोठं पुण्य केलं असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

आता त्याने मशीन चालू केलं. एजन्सीचे मेल नव्या मशीनवर गेले, नाव-नंबरांची यादीही गेली. भूपेश मोबाईलवर बोलत होता, एका मजुराला आईवरून शिव्या देत होता. काम संपत आलं, आणि अभिनंदनने रोजच्या सवयीने, मन भलतीकडे असताना, नेटची वायर जुन्या मशीनच्या मागे खुपसली.

या एका सवयीपायी पुढचं सगळं घडलं. पाच महिने बंद पडलेला तो दुसरा मेल जागा झाला आणि चेतनाच्या नावाची पत्रं पडद्यावर एकेक करून उतरू लागली. तेरा, चौदा, पंधरा. सगळ्यात वर एक इंग्रजी पत्र होतं. अभिनंदनची नजर त्यावरून सरकन फिरली: मोलगी, मुलींचं वसतिगृह, अधीक्षिका म्हणून रुजू. खाली फोन नंबर.

शेजारचं बोलणं थांबलं होतं. भूपेशचं इंग्रजी अडखळत चालायचं, पण बायकोचं नाव कोणालाही वाचता येतं.

अभिनंदनने टेबलाखाली पाय घालून मशीनचा प्लग उपटला. पडदा काळा झाला.

"लाइट गेली," तो म्हणाला.

भूपेशने मान वर केली. डोक्यावरचा पंखा फिरत होता. त्याने तो दोन-तीन फेरे शांतपणे पाहिला. मग उठला, कोपऱ्यातली शटर ओढायची लोखंडी सळई घेतली आणि शटर आतून खाली ओढलं. दुपारी बाजार जेवून आडवा झालेला असतो. शटरचा आवाज कोणाच्या कानात शिरला असेल तर तो कूस बदलून पुन्हा झोपला असणार.

"चालू कर."

अभिनंदनने प्लग लावला, बटण दाबलं. आतून तीन शिट्या आल्या, पडदा काळाच राहिला. जुनं मशीन असं झटक्यात बंद केलं की कधी कधी असं रुसतं.

"कोठे शे ती?"

"मी वाचलं नाही, भूपेशभाऊ."

पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा टेबलावर ठेवलेल्या उजव्या हातावर. दोन बोटं मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. भूपेश ओरडत नव्हता. शेतावर काम उरकणाऱ्या माणसासारखा तो मारत होता, घाई न करता, आणि दर वेळी तेवढंच विचारत होता. अभिनंदन टेबलाखाली शिरला. भूपेशने त्याला पायाला धरून बाहेर ओढलं आणि बुटाने बरगडीत लाथ घातली. पुन्हा घातली. मग त्याच मोडलेल्या बोटांवर टाच ठेवून उभा राहिला आणि हळूहळू सगळं वजन त्या पायावर आणलं.

अशा वेळी माणसाने तोंड मिटून मरावं, असं आपण घरात बसून म्हणतो. अभिनंदन लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, "मोलगी. मुलींचं वसतिगृह."

"हाई पयलेच सांगतास ते?" भूपेश म्हणाला. त्याने पाय काढला. अभिनंदनला वाटलं, सुटलो.

पण भूपेश शेतकऱ्याच्याच हिशेबी डोक्याचा. याने मागून फोन केला तर? त्याने अभिनंदनचा मोबाईल जमिनीवर ठेवून सळईने ठेचला. मग केस धरून अभिनंदनचं तोंड वर केलं आणि सळई आडवी मारली. जबडा एका बाजूला सरकला. तोंडात दातांचे तुकडे आणि कोमट रक्त साचलं. भूपेशने शटर उचललं, नवं मशीन बगलेत मारलं, बाहेरून शटर पुन्हा खाली ओढलं आणि गाडी चालू केली.

तळोद्याहून मोलगीला घाटाने दोन तास लागतात. भूपेशसारखा माणूस दीड तासात पोचला असता.

अभिनंदन पडून राहिला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगता येईल. त्याला नंबर हवा होता आणि नंबर त्या रुसलेल्या मशीनमध्ये होता. तीन शिट्यांचा इलाज त्याच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतो: रॅमची पट्टी काढायची, तिचे पितळी दात शाळेतल्या खोडरबराने पुसायचे आणि परत बसवायची. डोळे मिटून करायचं काम. पण आज उजवा हात सुजून निकामी झाला होता. त्याने डाव्या हाताने झाकण काढलं. पट्टी गुडघ्यात धरून पुसली, तर तोंडातलं रक्त तिच्यावर ठिबकलं. पुन्हा पुसली. बसवली, बसेना. कपाळाने दाबली, तेव्हा खट्कन बसली.

पडदा उजळला. त्याने नंबर पाहिला. मागच्या खोलीत नेटसोबत मिळालेला जुना तारेचा फोन होता. भूपेशला तो माहीत नव्हता. सरपटत तिथवर जाऊन त्याने नंबर फिरवला.

"हॅलो? वसतिगृह. कोण बोलतंय?"

चेतनाच होती. अभिनंदनने तोंड उघडलं. पळा, एवढंच म्हणायचं होतं. जबड्यातून फक्त घुरघुर आली आणि जोराचा श्वास.

"कोण?"

त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तसाच जड, ओला श्वास.

मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता, कार्यालयाची मराठीही गळून पडली होती.

"तू शेस. आठ वरीस कानजोडे हाऊ दम आयकेल शे मी. मारानं आधी तू असाच दम टाकस." तिचा स्वतःचा श्वास थरथरत होता. "ये. मी आते आठे सापडाव नही."

फोन बंद झाला. अभिनंदन रिसीव्हर छातीशी धरून बसला. तिने त्याला भूपेश समजावं, एवढी घाण शिवी त्याला आयुष्यात कोणी दिली नव्हती.

तीन वाजता आई, बदामबाई, डबा घेऊन आली आणि शटर उचलून आत धावली. त्याने डाव्या हाताने बिलाच्या पाठीवर वाकडंतिकडं लिहून तिला पुन्हा फोन लावायला लावला. या वेळी स्वयंपाकीण दिवलीबाईने उचलला. "मॅडम गेली," ती म्हणाली. "तिचा माणूस फोन केला. पिशवी भरलेलीच होती तिची. खाली जाणाऱ्या जीपमध्ये बसली." बदामबाईला हायसं वाटलं. अभिनंदनला मात्र नाही. घाटाचा रस्ता एकच होता. ती उतरत होती तेव्हा तो चढत होता.

नंदुरबारच्या दवाखान्यात त्याच्या जबड्याला तारा घातल्या. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी भूपेशला त्याच्या शेतातून उचललं. चेतनाचं नाव काढलं की तो नुसता हसतो, असं जबाब घ्यायला आलेला हवालदार सांगून गेला. वसतिगृहात ती परतली नव्हती. माहेरी पोचली नव्हती. पोलीस घाटातल्या दऱ्या बघत होते.

दवाखान्यातून सुटल्यावर अभिनंदन घरी न जाता दुकानात गेला. पोलिसांनी सळई आणि फुटका मोबाईल नेला होता, जुनं मशीन टेबलावर तसंच होतं. त्याने स्वतःच्या मशीनवरून एका हाताने तिला पत्र लिहिलं.

"ताई, तुमचा पत्ता मीच सांगितला. मार सहन झाला नाही. तो फोन त्याचा नव्हता, माझा होता. जबडा मोडला होता, बोलता आलं नाही. तुमचा हा मेल त्याच्या जुन्या मशीनवर आपोआप उतरतो, ती सोयही माझीच. आधी पासवर्ड बदला."

त्याने पत्र पाठवलं आणि जुन्या मशीनवर मेल मागवायचं बटण दाबलं. त्याचं स्वतःचंच पत्र समोर उतरलं, न वाचलेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने बटण दाबलं. साडीच्या दुकानाची जाहिरात उतरली. तिसऱ्या दिवशी बँकेचा निरोप. चौथ्या दिवशी काहीच नाही. बदामबाई पातळ वरण घेऊन यायची, नळीने पाजायची, आणि तो दाराकडे पाठ करून त्या पडद्याकडे बघत बसायचा. मेलेल्या बाईचेही मेल उतरतच राहतात, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्याने बटण दाबलं. पडद्यावर एक छोटी चौकट आली. त्याने ती बंद करून पुन्हा दाबलं. पुन्हा तीच चौकट.

अभिनंदनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तारांमुळे तोंड उघडेना, हुंदका आतच आपटत राहिला आणि बरगड्या कळवळल्या. बदामबाई वाटी ठेवून धावत आली. चष्मा लावून तिने चौकटीतली अक्षरं एकेक करून वाचली.

"पासवर्ड चुकीचा आहे, असं म्हणतंय," ती म्हणाली. "एवढ्यासाठी रडतोस?"

त्याने बिलबुक ओढलं आणि डाव्या हाताने लिहिलं, "ती पोचली."