पायरीवरचा चेहरा

सिंधुबाई सकाळपासून मेथी निवडत बसली होती, पण निवडलेली कुठली आणि राहिलेली कुठली, तिचं तिलाच कळत नव्हतं. दुपारी बारामतीला ओळख परेड होती. रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून तिचं मंगळसूत्र ओढणारा चोर तिनं दाखवायचा होता.

"त्यात एवढं काय?" नवरा, सावळाराम, अंगणातनं म्हणाला. "भीमा पारध्याकडं बोट करायचं नि मोकळं व्हायचं."

भीमाचा चेहरा तर तिच्या डोळ्यांपुढनं हलत नव्हता. बसकं नाक, डाव्या गालावर ठसठशीत तीळ. गेल्या महिन्यात दिवेलागणीला ती मळ्यातून येत असताना कऱ्हाटीच्या रस्त्यावर मागून मोटारसायकल आली. गळ्याला हिसका बसला, ती बांधावर आपटली. तोंडाला रुमाल बांधलेल्या त्या माणसानं एकदा वळून पाहिलं आणि तो निघून गेला. ही हकिकत तिनं घरोघर सांगितली होती, आणि सांगता सांगता चोर तिला जास्तच स्पष्ट दिसू लागला होता.

गावाची एक जुनी खोड आहे. चोरी झाली की चोर शोधायच्या आधी पारध्यांच्या पालावर जायचं. इंग्रजांनी कायदा करून या लोकांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा कधीच रद्द झाला, पण गावांना ते कुणी कळवलंच नाही म्हणायचं. त्या संध्याकाळीही पोलीस पाटील बापूसाहेबांनी भीमाला पालावरनं उचललं, आपल्या पायरीवर दिव्याखाली बसवलं आणि सिंधुबाईला बोलावून घेतलं. "वहिनी, ह्योच ना?" ती अजून भेदरलेलीच होती. भोवती सगळा गाव. ती म्हणाली, "असंल." सकाळपर्यंत त्या 'असंल'चं 'व्हय' झालं, आणि भीमा कोठडीत गेला.

सून वृषाली बारामतीला मानसशास्त्र शिकत होती. साक्षीदारांच्या आठवणींवरच तिचं संशोधन चालू होतं. ती मेथी पुढ्यात ओढत हळूच म्हणाली, "आई, घाबरलेल्या माणसाला एकच चेहरा दाखवला ना, की मन तोच चेहरा आठवणीत नेऊन बसवतं. माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं दिसायला लागतं."

"म्हंजी मला येड लागलंय?" सिंधुबाई उसळली. "सासूवर प्रयोग करतीस व्हय गं?"

वृषाली मेथी निवडू लागली. पण सिंधुबाईला काही बसवेना. ती उठली, चहाचा तांब्या घेऊन डाळिंबाच्या बागेत गेली. सावळाराम फवारणी करत होता. औषध नाकातोंडात जाऊ नये म्हणून त्यानं डोळ्यांखाली उपरणं करकचून बांधलं होतं. चाहूल लागली तसं त्यानं वळून पाहिलं.

सिंधुबाई जागीच थांबली. चाळीस वर्षं संसार केलेला नवरा, पण त्याच्या झुपकेदार मिशा कुठं दिसत होत्या? गालावरचा देवीचा वणही झाकला होता. मग रुमाल बांधलेल्या माणसाच्या गालावरचा तीळ आपल्याला दिसला कसा? तो दिसला बापूसाहेबांच्या पायरीवर. पायरीच्या आधी तो कुठंच नव्हता.

"आवं, त्यो चोर न्हाय," ती म्हणाली.

सावळारामनं उपरणं खाली ओढलं. "आता बदललंस तर गाव तोंडात शेण घालंल. बापूसाहेब काय म्हणतील? आन चोर न्हाय तर आज ना उद्या करंलच की चोरी. पारधीच हाय त्यो."

सावळारामच्या टेम्पोत बसून बारामतीपर्यंत ती पदराचं टोक पिळत राहिली.

रांगेत भीमा मधोमध उभा होता, वाळलेला, खाली बघत. तिनं त्याला लगेच ओळखलं, आणि त्या ओळखण्याचीच तिला भीती वाटली.

"ओळखलंत कुणाला?" परेड घेणाऱ्या तहसीलदारांनी विचारलं.

"व्हय. ह्याला." तिनं भीमाकडं बोट केलं. "पर चोर म्हणून न्हाय, सायेब. ह्याला मी बापूसाहेबांच्या पायरीवर बघितलाय. चोराचं तोंड बांधल्यालं हुतं, मला दिसलंच न्हाय. मी उगा व्हय म्हणाले. हे असंच्या असं लिवा."

तहसीलदारांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि लिहायला घेतलं.

बाहेर सावळाराम तरातरा टेम्पोत जाऊन बसला. लिंबाखाली भीमाची बायको रतन तान्ह्या लेकराला घेऊन उभी होती. सिंधुबाई तिच्यापुढं गेली. "चुकलं माझं, बाई. तुझा मालक सुटंल आता."

रतननं लेकराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"सुटंल की. पुढची चोरी हुईस्तवर," ती म्हणाली. "मंग परत आमच्याच पालावर येत्याल. तवा कोण बोलंल?"

मंगळसूत्र अजून मिळालं नव्हतं, खरा चोर अजून मोकळाच होता, आणि गावात परत जायचं होतं ते त्याच माणसांत. टेम्पोचा हॉर्न वाजला. परत वाजला.

"फोन हाय का तुझ्याकडं?" सिंधुबाईनं विचारलं. रतननं मान डोलावली. "मग नंबर घे माझा. पालावर कुणी बी आलं, तर आधी मला लाव."

रतननं पदराआडून फोन काढला. सावळारामचा हॉर्न चालूच होता, आणि सिंधुबाई एकेक आकडा सावकाश सांगत होती.